पंप थांबला तर?

मंडळी, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दोनचा सुमार. बाहेर आपला बेळगावी पाऊस कोसळतोय, आणि वीज गेल्यामुळे घरात मिट्ट काळोख. अशात दार वाजलं. उघडून बघतो तो खालच्या मजल्यावरचे अण्णा हातात विजेरी घेऊन उभे. माणूस मोठा सज्जन. एवढ्या रात्रीही आवाज चढलेला नव्हता.

"सर, म्यालिंद नीर बीळाकत्तैति."

मी म्हटलं, पाऊस आहे, गच्ची गळत असेल. अण्णांनी मान हलवली. झोपेत थेंब नेमका त्यांच्या ओठावर पडला होता. "उप्प नीर री!" असं ते म्हणाले आणि माझी झोप खाडकन उतरली. खारं पाणी पावसाचं असत नाही. ते आमच्या हॉलमधल्या समुद्राचं होतं.

हा समुद्र चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि पावणेतीनशे लिटरचा आहे. २०१७ सालच्या मे महिन्यात मुलीच्या हट्टापायी तो घरात आला. 'फाइंडिंग निमो' हा २००३ चा सिनेमा तिने इतक्या वेळा पाहिला होता, की भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउन मासे तिला सख्ख्या नात्यातले वाटत. असे दोन मासे आम्ही आणले. समुद्रातून पकडलेले नव्हते, टाकीतच पैदास झालेले होते. सोबत सच्छिद्र खडक, थोडे शंख आणि दोन कोळंब्या. (कुणी कारवार-गोव्याच्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणायचा विचार करत असेल, तर तसं करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळाला संरक्षण आहे.)

आता मुलगी शिकायला बेंगळुरूला आहे आणि मासे माझ्याकडे आहेत. मी मराठीचा प्राध्यापक. अलंकार आणि वृत्तं विचारा, सांगतो. पंपाचं मला काही कळत नव्हतं. पण पंपाने मला चांगलंच ओळखलं होतं.

त्याचं असं आहे. अशा टाकीखालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी असते. तिला 'संप' म्हणतात. आपल्या घरांत संप म्हणजे अंगणात जमिनीखाली बांधलेली पाण्याची टाकी, आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना संप म्हटलं की हरताळ आठवतो. इथे अर्थ आपला घ्यायचा. वरच्या टाकीचं पाणी एका कोपऱ्यातल्या दातेरी पट्टीवरून सांडतं आणि पाइपाने संपमध्ये उतरतं. तिथे ते गाळलं जातं, स्किमर नावाचं यंत्र त्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढतं आणि थंडीच्या दिवसांत हीटर ते कोमट ठेवतो. मग पंप ते पाणी उचलून पुन्हा वर टाकतो. असं चोवीस तास चालतं.

हे चक्र थांबलं की माशांचा जीव धोक्यात येतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. खडकांत राहणारे सूक्ष्म जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी असं नायट्रेट करतात. त्या जीवाणूंना वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. शिवाय खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे एक पंचमांश कमीच मावतो. गोड्या पाण्यातला गोल्डफिश रात्रभर विजेविना काढेल. समुद्राच्या माशांचं तसं नसतं.

आमचा जुना पंप वीज गेली की थांबायचा, ते ठीक. पण वीज आली की तो पुन्हा सुरू व्हायचाच असं नाही. नुसता गुरगुरायचा. मग कुणीतरी कपाटात हात घालून त्याला टिचकी मारायची, की फिरायला लागायचा. ती टिचकी मारणारा 'कुणीतरी' म्हणजे मी. इन्व्हर्टर घरात होता, पण त्यावर हा पंप जोडला की नुसता तापायचा आणि आवाज करायचा, म्हणून जोडलेला नव्हता.

याचा परिणाम काय झाला, ते सांगायला थोडी लाज वाटते. तीन-चार वर्षांत आम्ही नवरा-बायको मिळून एकही रात्र बाहेर काढली नाही. हिचं माहेर धारवाड. गाडीने दीड-दोन तासांचं अंतर. भाचीच्या लग्नाला ही एकटीच राहिली. सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या अज्जांच्या, पंच्याहत्तरीला मी सकाळी गेलो, जेवलो आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. निघताना अज्जांनी राहायचा आग्रह केला नाही. एवढंच विचारलं, "मीन ह्यांग अदाव?" मासे बरे आहेत ना? त्या प्रश्नात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

तर त्या रात्री आम्ही तिघांनी, म्हणजे मी, ही आणि अण्णांनी, फरशी पुसून काढली. पाणी सतरा-अठरा लिटर तरी असेल. पंप बंद होता, मग पाणी आलं कुठून? उत्तर मुलीच्या वहीत सापडलं. टाकी सुरू केली तेव्हापासून ती एक वही लिहीत असे. त्यात दर महिन्याच्या कामांच्या यादीत शेवटचं काम होतं, 'भोक साफ करणे.' ती गेल्यापासून मी बाकीची सगळी कामं केली. भोक कसलं ते कळलं नाही, म्हणून तेवढं सोडून दिलं.

फोनवर तिने समजावलं. पंपाकडून वर येणाऱ्या पाइपाचं तोंड टाकीच्या पाण्यात बुडालेलं असतं. पंप थांबला की तोच पाइप उलटा चालू लागतो. रॉकेलच्या डब्यातून नळी तोंडाने ओढून रॉकेल काढायचो, अगदी तसं. पाणी वरून खाली धावतं आणि पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. म्हणून पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपाला एक बारीक भोक ठेवतात. पातळी थोडी उतरली की त्यातून हवा शिरते आणि धार तुटते. आमचं भोक शेवाळ आणि चुन्याच्या पुटाने बुजून गेलं होतं.

हिशेब सोपा आहे. टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येतं. पाइपाचं तोंड सहा सेंटिमीटर बुडालेलं होतं, म्हणजे ३२ लिटर. संपमध्ये रिकामी जागा पंधरा लिटरची. उरलेलं अण्णांच्या ओठांवर.

सकाळी ही शांतपणे म्हणाली, "एक तर नीट करून घ्या, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. अर्धवट नको." आई देवघरातून म्हणाली, "इथे नळाला पाणी रोज येत नाही, आणि हा ते मिठात घालून लोकांच्या घरात सोडतोय." दोघींचंही बरोबर होतं. मासे द्यायचे, असं मी जवळजवळ ठरवलंही होतं. पण आठ वर्षांचं ते जोडपं. क्लाउन मासे सगळे नर म्हणून जन्मतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो. आमच्याकडचं हे स्थित्यंतर मुलीने वहीत तारखांसह टिपून ठेवलंय. टाकीत नीट सांभाळले तर हे मासे दहा वर्षांहून जास्त जगतात. वही पुरी व्हायच्या आत मासे परक्यांना द्यायला मन होईना.

मग कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सरांना गाठलं. त्यांनी पहिला सल्ला दिला तो नवा पंप न घेण्याचा. "आधी जुना उघडून धुवा." पंप व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवला. सकाळी त्यातून चुन्याचा चुरा निघाला आणि फिरत्या पात्याशेजारी अडकलेला तांदळाएवढा एक शंख. पंपाची ताकद बरीच परत आली. टिचकीचं दुखणं मात्र गेलं नाही. आस झिजला होता. नवा पंप घ्यायचाच होता, पण हा धडा लक्षात राहिला. दर तीन-चार महिन्यांनी पंप व्हिनेगरने धुतला तर अर्धे पंप बदलावेच लागणार नाहीत.

दुसरा धडा खोक्यावरच्या आकड्यांचा. जुन्या पंपाच्या खोक्यावर छापलेलं होतं, 'ताशी २००० लिटर, उंची २ मीटर.' सर म्हणाले, "दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकाच वेळी नाहीत." ताशी २००० लिटर मिळतं ते पाणी वर चढवायचं नसेल तेव्हा. आणि दोन मीटरवर पाणी फक्त पोहोचतं, वाहत नाही. आमचं पाणी सव्वा ते दीड मीटर चढतं. खरं किती येतं ते बादलीने मोजलं. वीस लिटरची बादली भरायला ९० सेकंद लागली, म्हणजे ताशी ८०० लिटर. आम्हाला टाकीच्या पाचपट, साधारण १३५० लिटर तरी हवं होतं.

तिसरा धडा पाइपाचा. जुना पाइप १६ मिलिमीटरची नळी होती, आणि कपाटातून वर येईपर्यंत तिला पाच ठिकाणी मुरड. पाइपाचा व्यास दुप्पट केला, तर तेवढंच पाणी नेताना होणारं घर्षण साधारण तिसाव्या हिश्श्यावर येतं. आणि एक इंची पाइपाचा प्रत्येक काटकोनी एल्बो म्हणजे जवळपास पाऊण मीटर जादा पाइप टाकल्यासारखं. म्हणून एक इंची पीव्हीसी घ्यायचा, वळणं कमी ठेवायची, आणि वळावंच लागलं तर एका काटकोनाऐवजी दोन ४५ अंशांचे बेंड टाकायचे, असं ठरलं.

चौथी गोष्ट मात्र सरांनी दोनदा सांगितली, "वर जास्त पाणी चढवाल, पण ते उतरणार कुठून?" पंप मोठा आणि उतारपाइप जुनाच ठेवला, तर टाकी वरून भरून वाहणार. आमच्या टाकीला तळाशी दोन भोकं होती, एक उताराचं आणि एक चढाचं. आता दोन्ही उताराला दिली. एकाला गेट व्हॉल्व्ह, म्हणजे धार कमी-जास्त करता येते. दुसरा पाइप पूर्ण उघडा, त्याला व्हॉल्व्हच नाही. पहिला तुंबला तर पाणी दुसऱ्याने जाईल. चढाचा पाइप काचेच्या काठावरून वर घेतला. नवं भोक पाडायची वेळ आली नाही हे नशीब. टफन केलेल्या काचेला भोक पाडायला गेलं, तर तिचा भुगा होतो.

प्लंबर आमचे नेहमीचेच. गोकाककडचे. मला 'सर' म्हणतात, मी त्यांना अण्णा म्हणतो. (आमच्या गल्लीत हाक मारली की चार अण्णा वळून बघतात.) येताना ते पितळी व्हॉल्व्ह घेऊन आले. "प्लॅस्टिकापेक्षा दमदार, सर." घरच्या नळाला दमदार, खरंच. पण पितळेत तांबं असतं, खाऱ्या पाण्यात ते हळूहळू सुटतं, आणि शंख-कोळंब्यांना अगदी थोडं तांबंही विष ठरतं. त्यांनी काही न बोलता व्हॉल्व्ह परत पिशवीत टाकला आणि सगळं सामान प्लॅस्टिकचं आणलं. आट्यांच्या जोडाला सफेदा-सुताऐवजी टेफ्लॉन टेप. पंपाजवळ दोन्हीकडे युनियन लावला, म्हणजे पुढे पंप धुवायला काढताना पाइप कापावा लागणार नाही.

माशांचा मुक्काम तेवढा वेळ पिंपात. आईने धान्याचं स्वच्छ प्लॅस्टिकचं पिंप काढून दिलं. "पाण्याची नासाडी" वगैरे म्हणत होती, पण दिलं. टाकीतलंच पाणी, एक हीटर आणि हवेचा छोटा पंप. खडक दुसऱ्या टबात त्याच पाण्यात बुडवून ठेवले. कोरडे पडले तर त्यातले जीवाणू मरतात आणि आठ वर्षांची कमाई जाते.

संध्याकाळी सहाला जोडकाम संपलं. मी म्हटलं, आता पाणी सोडू या. प्लंबर म्हणाले, "निधान री सर, निधान."

मी आपला मराठीचा मास्तर. 'निदान' ऐकून पुढच्या वाक्याची वाट बघत उभा. निदान काय? निदान चार तास? निदान उद्यापर्यंत? ही आतून हसली. "अहो, निधान. हळू!" संसाराला वीस वर्षांहून जास्त झाली, पण घाईच्या वेळी माझ्या कानात अजून फक्त मराठीच शिरतं. पाइपाचं सोल्युशन चोवीस तास वाळू द्यायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. दिलं. ती रात्र मी हॉलमध्ये पिंपाशेजारी चटई टाकून काढली. हीही बाजूला येऊन बसली. दर तासाला विजेरीने आत बघायचो. मोठी मादी आणि छोटा नर एकमेकांना चिकटून तळाशी.

नवा पंप डीसी आहे, २४ व्होल्टचा. सोबतच्या डबीवरून त्याचा वेग कमी-जास्त करता येतो. जुना ४५ वॉट खायचा, म्हणजे महिन्याला साधारण ३२ युनिट. हा दोन-तृतीयांश वेगावर वीसच्या आसपास घेतो, म्हणजे १४ युनिट. आणि वीस लिटरची बादली आता ४८ सेकंदांत भरते, ताशी १५०० लिटर. हा इन्व्हर्टरवरही न कुरकुरता चालतो. पंप, पाइप, मजुरी धरून खर्च अकरा हजारांच्या आत बसला. वायरी जोडताना एक काळजी घेतली. प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोल दिला, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगात न जाता झोलावरून खाली ठिबकतं. शिवाय मुख्य बटणाला गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. शौक कितीही असो, तिथे कंजुषी नको.

पण या सगळ्यात महत्त्वाची ठरली ती शेवटची परीक्षा. पाणी वाहायला लागलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि प्लंबर हात पुसायला लागले. तेव्हा मुलगी फोनवरून म्हणाली, "बाबा, आता बटण बंद करा."

आत्ताच तर चालू केलं! पण तिचं खरं होतं. चालू पंप सगळेच बघतात. बंद पंप बघायला हवा. पाइपाचं नवं तोंड पाण्यात फक्त दीड सेंटिमीटर बुडवलं होतं, शिवाय धार तोडणारं भोक. संपमधली नेहमीची पातळी तीन बोटं खाली आणून २५ लिटरची जागा मोकळी ठेवली होती. बटण बंद केलं. पाणी गळगळत खाली आलं. नऊ-दहा लिटर उतरलं आणि थांबलं. जिथे थांबलं तिथे संपच्या काचेवर मार्करने रेघ मारली. मग भोकावर बोट ठेवून पुन्हा तीच परीक्षा घेतली. भोक बुजलं, तरी पाणी काचेच्या आतच राहिलं. पाणी उलटं येऊ नये म्हणून एकेरी व्हॉल्व्ह मिळतात, पण त्यात एक वाळूचा कण अडकला की तो उघडाच राहतो. त्याच्या भरवशावर झोपू नये. रेघेच्या भरवशावर झोपावं. मग पुन्हा बटण चालू. पंप टिचकीविना सुरू झाला. असं पाच वेळा केलं. खालून अण्णाही येऊन बघून गेले. त्यांच्या छताला आम्ही रंग लावून दिला होता. त्याचे पैसे ते घेईनात, शेवटी हिने त्यांच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या.

वाचकांपैकी कुणाकडे अशी टाकी असेल, तर एवढंच करा. आज संध्याकाळी पंपाचं बटण मुद्दाम बंद करा आणि पाणी कुठवर येतं ते बघा. टाकी नसेल, तर घरात आपल्याशिवाय चालणार नाही असं आपण ज्या ज्या गोष्टींबद्दल म्हणतो, त्या दिवसा, सगळे घरात असताना, एकदा बंद करून बघा. मी घराबाहेर पडत नव्हतो ते माशांसाठी, असं मला वाटायचं. खरं म्हणजे मी एका झिजलेल्या आसाची नोकरी करत होतो.

दिवाळीत आम्ही दोघं धारवाडला गेलो. दोन रात्री. मुलगी बेंगळुरूहून परस्पर आली. किल्ली अण्णांकडे होती. खाण्याच्या पुड्या मोजून दिल्या होत्या, वाफेने कमी होणारं पाणी भरायला गोड्या पाण्याची बाटली ठेवली होती. (मीठ वाफेबरोबर जात नाही, म्हणून भरताना गोडंच पाणी घालायचं.) आईने आपणहून सांगितलं होतं, "जा तुम्ही. मी घरात आहे की. ती रेघ मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात अज्जांशेजारी चहा घेत बसलो होतो. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मीन ह्यांग अदाव?"

तेवढ्यात बेळगावहून फोन वाजला. अण्णाच होते. छातीत धस्स झालं. फोन स्पीकरवर टाकला.

"सर, रात्री करंट होगित्त. बंत. एनू आगिल्ल."

अज्जांनी मान डोलावली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.